न भरलेला तिसरा बाजार

दुपारची भाकरी पोटात उतरली की अनसाबाईच्या पापण्या जड होतात. आजही ती ओसरीवर घोंगडी टाकून कुशीवर वळलीय, पण तोंड काही मिटत नाही. सकाळी वारसा समितीची माणसं येऊन गेलीत. वारसा समिती म्हणे! ज्यांच्या बापांनी वेशीच्या कमानीचे चिरे उपटून संडास बांधले, ते आता धामणपेठचा वारसा जपायला निघालेत. त्यांचा म्होरक्या दाभाडे मास्तर. जन्मभर पोरांना पाढे शिकवता आले नाहीत, आणि आता इतिहास लिहितोय. मंगळवारच्या बाजारातल्या लिंबाखाली फरशी बसवायची, आणि तिच्यावर कोरायचं, ‘मिरचीवाले भोकरे यांची पिढीजात जागा’. पाथरवट उन्हं कलली की छिन्नी हातात घेणार.

“आमची भोकऱ्यांची पिढीजातच हाय,” असं ठासून सांगून अनसाबाईनं कागदावर सही केली. अंगठा नाही, सही.

डोळा लागतो न लागतो तोच कुणीतरी शेजारी टेकतं.

“सरक जरा. समदी घोंगडी काय तुझ्या बाची हाय?”

गोजरा. बुरडाची गोजरा, सुपं-टोपल्या विणणारी. तिला मरून चाळीस वर्षं झाली, पण बसायची तऱ्हा तीच, एक पाय दुमडून, एक लांब करून, जशी काही ओसरी तिचीच.

“मेलीस तरी जिभेला हाड आलं न्हाई तुझ्या,” अनसाबाई म्हणते.

“तुला तर जितेपणी बी आलं न्हाई.”

अनसाबाई उठायला पाय खाली सोडते आणि पाय बाजारात टेकतात. लिंब तोच आहे, पण बाजार भरलाय नदीच्या पात्रात, गुडघाभर पाण्यात. मिरच्यांचे ढीग पाण्यावर लालभडक उभे आहेत आणि एकही मिरची भिजत नाही. दाभाडे मास्तर वाहत्या पाण्याला टेप लावून लांबी मोजतोय.

“ह्यो कोण?” गोजरा विचारते.

“गावाचा इतिहास लिवतोय.”

“आन इचारतो कुणाला?”

“मला.”

गोजरा पोट धरून हसते. “म्हंजी चोराच्या हाती जामदारखान्याची किल्ली!”

“चोर कुणाला म्हणतीस गं भवाने? रिवाजानं घेतलीया मी जागा.”

रिवाज सगळ्या पेठेला ठाऊक आहे. जागेवर आपला धोंडा ठेवला की जागा आपली. धनीण लागोपाठ तीन बाजार फिरकली नाही, तर शेजारणीनं तो धोंडा उचलावा आणि तिथं आपला मांडावा. त्या साली गोजरा लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. शेजारीण होती नवी सून अनसा.

“तीन बाजार तोंड दाखवलं न्हाईस तू. मी मोजलेत.”

“मोज की परत.”

“पैला, पोळ्याच्या आदला. दुसरा, पोळ्याच्या मागला. तिसरा…”

बोट हवेतच राहतं. खाली पाणी नाही आता, शाळेचं बाक आहे. सत्तरीची अनसाबाई बाकावर मावत नाही आणि फळ्यापुढं गोजरा उभी आहे, हातात टोपल्यांची चळत.

“तिसऱ्या मंगळवारी काय झालं गं?”

“पटकीची साथ आलती,” अनसाबाई पुटपुटते. “दवंडी फिरली. बाजार भरला न्हाई.”

“न भरलेला बाजार कोण मोजतं?”

“मला काय इचारतीस? दुसरी शिकलेली बाई मी.”

“मग दोनपातुर तरी येत व्हतं न्हवं!”

अनसाबाईला राग येतो, आणि रागाला जागा सापडत नाही. “आल्यावर बोलली का न्हाईस मग?”

“बुरडाच्या बाईनं भोकऱ्यांच्या सुनेशी भांडावं, आन पेठेनं माझी बाजू घ्यावी? लई शाणी! अकरा वर्सं गटाराकडंला बसले मी. तू मिरच्या पाखडायचीस ते सूप बी माझंच, गटाराकडंलाच इकलेलं.”

“आता काय, जागा परत पायजे तुला?”

“मेल्यालीला जागा कशाला? तोंडानं बोल किती खोटं बोलायचं ते. त्या दगडाला कशाला कामाला लावतीस?”

गोजरा निघते. अनसाबाई वरच्या टोपलीचा काठ गच्च धरते. “थांब, गोजरे!”

“सोड. तुझं न्हाई त्ये.”

हिसका बसतो, आणि अनसाबाई ओसरीवर उठून बसते. ऊन भिंतीवर चढलंय. सून शैला दारात उभी आहे.

“कुणाशी भांडत होता, आत्याबाई?”

“मास्तराला फोन लाव. आत्ता.”

फोन लागतो. “मास्तर, त्या पाथरवटाला थांबवा. भोकरे कोरू नका. गोजराबाई बुरूड यांची जागा, असं कोरा.”

“अहो मावशी, सही केलीत तुम्ही! समितीचा ठराव झालाय…”

“ठराव तुमचा, पर जागा माझी हाय. माझी न्हाई, त्येच तर सांगतीया! अनसानं एक बाजार जादा मोजला, लिवून घ्या तुमच्या इतिहासात. आन गोजराबाई नीट लिवा. तुमचं शुद्धलेखन ठावं हाय मला.”

फोन परत देताना तिचा हात आखडतो. शैला तळवा उलटून बघते. अंगठ्याच्या बुडाशी बांबूची कूस रुतलीय, बोटाच्या पेराएवढी, हिरवी, ओली.

“घरात तर सूपसुद्धा प्लास्टिकचं आहे. ही कुठून आली? थांबा, सुई आणते.”

“राहू दे,” अनसाबाई मूठ मिटते आणि चपला पायात सरकवते. “त्या पाथरवटाची अक्षरं कोरून होऊ दे आधी. मी बघतीया उभी राहून.”