एकाच भुकटीतले दोघे

आमच्या होळी गावात ट्रम्पेट वाजवणारे तिघे-चौघे होते, पण लग्नाच्या बँडला लोक आग्रहानं सॅन्टनलाच मागायचे. एकदा सूर धरला की हा सोडायचाच नाही. "छाती आहे की भाता," असं आम्ही म्हणायचो आणि गडी तेवढ्यानंच खूश व्हायचा.

पोटासाठी मात्र तो वालीवला फर्निचरच्या कारखान्यात लाकूड घासायचा. त्याचा मावसभाऊ डेन्झिल शेजारच्याच मशीनवर. दोघांच्या पापण्यांवर सारखीच भुकटी बसायची. पण खोकला लागला तो सॅन्टनला, आणि मग झोपेत छातीतून शिट्टी वाजायला लागली. रविवारी घरी असला की बरं वाटायचं, सोमवारी कामावरून आला की पुन्हा तेच. बायकोनं, प्रिस्कानं, त्याला ओढतच डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी स्पष्ट सांगितलं, "ही भुकटी तुमच्या छातीला सोसत नाही. काम बदला, नाहीतर हे कायमचं मागं लागेल."

"मग डेन्झिलला कसं काही होत नाही? तो तर वर सिगरेटी ओढतो."

"त्याची छाती त्याची, तुमची तुमची. एकाच ताटातली कोळंबी एकाला पचते, दुसऱ्याच्या अंगावर पित्त उठतं."

ऐकेल तो सॅन्टन कसला. ट्रम्पेटवाल्याला दम लागतो हे कबूल करायला त्याची जीभ रेटेना. डेन्झिल उभा राहतो तर मीही राहणार, एवढाच हेका. डेन्झिल मास्क लावत नाही म्हणून ह्याचाही गळ्यात लोंबायचा. भुकटी ओढणारा पंखा बसवा म्हटलं, तर शेठही डेन्झिलकडेच बोट दाखवायचा. मला अजून संताप येतो.

शेवटी काम सुटलं, पण फार उशिरा. पुढं मुलीचं, क्रिस्टीनाचं लग्न आलं. तिला चर्चला नेताना पहिला सूर बापाचाच, हे घरात कधीचं ठरलेलं. बँडवाले थांबून राहिले. सॅन्टननं दम्याचा पंप तोंडात मारला, ट्रम्पेट ओठांना लावलं. अर्धी ओळ झाली आणि तो खोकत अंगणात खाली बसला. क्रिस्टीना लग्नाच्या पांढऱ्या झग्यासकट त्याच्याशेजारी मातीत बसली. "राहू दे, पप्पा," म्हणाली. पुढची ओळ बँडवाल्यांनी उचलली. आम्हाला कोणालाच वर बघवेना.

डेन्झिल कुंपणापाशी एकटाच उभा होता. प्रिस्का त्याला बोलवायला गेली, तेव्हा तो म्हणाला, "मला एकदा जरी खोकला लागला असता ना वहिनी, तर सॅन्टनही माझ्याबरोबर त्या कारखान्यातून निघाला असता."