नऊ महिन्यांचं वजन

थविनने आयुष्यभर जमीन किती खचली हे मोजलं. बँकॉकच्या दक्षिणेला कालव्याकाठी सगळा मऊ चिखल. रस्ता करायचा झाला की आधी त्यात प्लास्टिकच्या लांब पट्ट्या उभ्या खुपसायच्या. मजूर त्यांना वाती म्हणत. वर वाळूचा ढीग रचायचा. त्याच्या वजनाने चिखलातलं पाणी वातींतून वर येई आणि जमीन बसे. किती बसली, अजून किती बसेल, हे थविन आलेखाची रेघ पाहून सांगे. रेघ आडवी झाली की वाळू काढायची.

गावच्या मठाचं सभागृह बांधायचं ठरलं, तेव्हा उरलेल्या वाती त्यानेच मागून आणल्या. वाळू चौदा महिने ठेवावी लागेल, असा हिशेब निघाला. पण वाती खुपसणाऱ्या लोखंडी नळीने भोवतीचा चिखल भिंत लिंपावी तसा लिंपून टाकला होता, पाणी हळू झिरपत होतं. नऊ महिने झाले तेव्हा रेघ अजून उतरतच होती.

त्या वेळी लुआंग फो, मठाचे थोरले भिक्षू, म्हणाले, "थविन, नवव्या महिन्याच्या नऊ तारखेला पाया घालू. चालेल ना?"

तिथल्या बोलीत नऊ आणि पाऊल पुढे टाकणं यांचा उच्चार सारखाच. नऊला नाही म्हणणं अशुभ. शिवाय याच माणसाने त्याला अक्षरं गिरवायला शिकवलेली.

"चालेल," थविन म्हणाला. चार बोटं इकडेतिकडे, असं त्याने स्वतःला समजावलं.

मठाचं जुनं स्वयंपाकघर खोल खांबांवर होतं, ते जागचं हललं नाही. सभागृह मात्र बसत गेलं. दोहोंमधली पायरी दरवर्षी वाढे आणि दर पावसाळ्याआधी थविन तिथे सिमेंटचा उतार करून देई. भाताची परात घेऊन उतरताना स्वयंपाकघरात राबणारी बुआफान म्हणे, "थविनदादा, आम्हाला अजून किती खाली नेणार आहेस?" बायका हसत. तोही हसे.

अकराव्या वर्षी लुआंग फो त्याच पायरीवर पडले. खुब्याचं हाड मोडलं, ते पुन्हा उठले नाहीत.

थविन रोज उशाशी बसे. एका दुपारी त्याने सगळं सांगून टाकलं: रेघ उतरती होती, मला माहीत होतं.

म्हातारे म्हणाले, "मला तारखेतलं कळत होतं, मातीतलं नाही. म्हणून तर तुला विचारलं होतं. तू नाही म्हणाला असतास, तर मी ऐकलं असतं रे."

पावसाळा संपता संपता ते गेले.

थविन अजून दर महिन्याला माप घेतो. गेलं वर्षभर आकडा तोच येतो. जमीन बसून झाली आहे. उतार त्याने यंदा शेवटचा केला, आणि बुआफान आता तो प्रश्न विचारत नाही.