एक प्रश्न, एकदाच

दुबईच्या खाडीकाठी साहेबांची एक कचेरी होती, तिथे मी दुभाषा होतो. अमिरातींचं एक राष्ट्र अजून व्हायचं होतं. बाहेरून आलेल्याला ठेवून घ्यायचं की नाही, हे एक गोरा साहेब ठरवायचा. मी दाभोळचा, त्यामुळे घरची कोकणी होतीच. हिंदी-इंग्रजी मुंबईत झालं होतं आणि अरबी बाजारात फिरून. अक्कल आहे का, हे नोकरी देताना कुणी विचारलं नाही.

साहेबाचा एक नियम होता: प्रत्येक प्रश्न एकदाच विचारायचा. दोनदा विचारलं की माणूस उत्तर सुधारून घेतो, असं त्याचं म्हणणं. त्याच्या मुलखात असेल तसं. पण आमच्या कोकणात काय आणि या वाळूत काय, पहिलं उत्तर खरं असतं का कधी? बाप वारलेला असला तरी 'काय हालहवाल?' म्हटल्यावर आधी 'खैर आहे' म्हणायचं. मग समोरचा बसायला सांगतो, कॉफी देतो, पुन्हा विचारतो, तेव्हा रडायचं. आल्या आल्या दुसऱ्याच्या उंबऱ्यावर अशुभ बोलत नाहीत, ही साधी रीत.

त्या वर्षी झांजीबारमध्ये कापाकापी झाली आणि गलबतं भरभरून माणसं इकडे आली. त्यांत एक म्हातारा शिंपी होता. आजा रत्नागिरीहून तिकडे गेलेला. हा जन्मला झांजीबारातच, त्यामुळे हिंदुस्थानचा कागद याच्याकडे नाही. इथे राहायची परवानगी मिळाली तर ठीक, नाहीतर ज्या गलबतानं आला त्याच गलबतानं माघारी. गलबताचा नाखवा बाहेर सावलीत निकालाची वाट बघत बसला होता.

साहेब स्वभावानं वाईट नव्हता, तेच तर दुखणं! त्यानं अदबीनं सुरुवात केली. "घरची मंडळी कशी आहेत?"

मी विचारलं. म्हातारा हसून म्हणाला, "अल्लाचा शुकर, सगळं खैर आहे."

टाइपरायटर खडखडला, उत्तर कागदावर चढलं. व्हायचं तेच झालं. थोड्या वेळानं म्हातारा चाचा सांगू लागला, दुकान कसं पेटवलं, दोन्ही मुलांना दारातच कसं मारलं. साहेबानं हात वर केला.

"मघाशी सगळे ठीक आहेत म्हणालात. मग यातलं खरं कुठलं?"

"साहेब, ते उत्तर नव्हतं, तो सलाम होता," मी मध्येच बोललो. "पुन्हा एकदा विचारा, प्लीज."

"एक प्रश्न एकदाच. तुम्ही ट्रान्सलेट करा, ओपिनियन नको."

तळपायाची आग मस्तकात गेली. साहेबावर ओरडता येत नव्हतं, म्हणून मी चाचावर खेकसलो, "चाचा, आधीच सांगायचं ना! हा काय सोयरीक जमवायला बसलाय?"

"बेटा, पहिल्यांदाच भेटलो, उसके सामने एकदम मौत का नाम कैसे लेना?" तो म्हणाला. "मला वाटलं, तो परत विचारील."

साहेबानं विचारलं नाही. सांगण्यात मेळ नाही, असा शेरा पडला, म्हणजे माघारी. शिपायानं दार उघडून "खलास, यल्ला" म्हणत बाहेरची वाट दाखवली. चाचा जाताना मलाच म्हणाला, "जिवाला लावून घेऊ नको. इन्शाल्ला, होईल काहीतरी." त्याच्या त्या सभ्यपणाचाही मला राग आला. आजही येतो.

पुढच्या मोसमात ते गलबत पुन्हा खाडीत लागलं. मी नाखव्याला खोलीवर घेऊन आलो आणि तो टेकायच्या आत विचारलं, "आमचा शिंपी चाचा कसा आहे?"

"खैर आहे," नाखवा म्हणाला.

मी त्याच्यापुढे कॉफी ठेवली. त्यानं ती प्यायली, पेला खाली ठेवला आणि माझ्या तोंडाकडे बघत थांबला.

मी दुसऱ्यांदा विचारलं नाही.