मढ्याची पापणी

"सर, तुमचा सिनेमा कल्ट क्लासिक आहे," असं दारात उभं राहून एक पोरगा म्हणाला, आणि चाळीस वर्षांत कुणाला धड 'या, बसा' न म्हणणाऱ्या माणसाने स्वतः खुर्ची पुढे ओढली. बायको स्वयंपाकघराच्या दारातून बघत राहिली.

तिच्या नवऱ्याला सगळी गल्ली डायरेक्टर म्हणायची, आणि ते काही कौतुकाने नव्हे. गड्याने आयुष्यात एकच सिनेमा काढला, खुनाचा, आणि त्या सिनेमाने पहिल्याच आठवड्यात गाशा गुंडाळला. मग फोटो स्टुडिओ टाकला. ओळखपत्राचे फोटो. "डोळे मिटू नका!" असे खेकसायचे, की गिऱ्हाईक घाबरून हमखास मिटायचं.

मिटलेल्या डोळ्यांवर एवढा राग का, ते बायकोला ठाऊक. सिनेमाचं संकलन तिचंच. काय ठेवायचं, काय टाकायचं आणि कुठे जोडायचं, यात तिचा हात चांगला होता. शेवटी बंगल्याचा मालक मरून पडलेला, डोळे सताड उघडे, आणि मागच्या भिंतीवरून खुन्याची सावली हळूहळू सरकत जाते. डायरेक्टरांचा सगळा जीव त्या सावलीत. मढ्याचं काम खऱ्या घरमालकाला दिलं होतं, कारण 'मला सिनेमात घेता, तर शूटिंगला घर देतो' अशी त्याची अट. तोंडावर दिव्यांचा झगझगाट, आणि नेमकी सावली भिंतीवर शिरतानाच मढ्याची पापणी लवली! जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, याची मेल्यावरही गेली नाही. फिल्म संपलेली, दुसरा टेक घ्यायची सोय नाही.

"हा तुकडा टाकू या," ती तेव्हा म्हणाली होती. "सावली गेली तर जाऊ दे. हसं होईल आपलं."

"अगं, सावली सोडून मढ्याकडे कोण बघणार आहे?" म्हणत त्यांनी कात्री तिच्या हातातून काढून घेतली.

सगळ्यांनी मढ्याकडेच बघितलं.

त्यानंतर ते कायम लोकांवर आग पाखडत राहिले. गाढवाला गुळाची चव काय, हे तर उठता-बसता. तिला दुसऱ्या निर्मात्यांकडून बोलावणी आली, तर म्हणाले, "माझं हसं करणाऱ्यांच्या दारात जाणार तू?" नाही गेली. पुढे तिच्या हातातली कात्री कापडावरच चालली. पण 'मी सांगितलं होतं' हे वाक्य तिने एकदाही तोंडातून काढलं नाही, आणि त्याचा तिला मनातून अभिमान होता. सिनेमा फसला होता, पण मनापासून केला होता. एवढ्या एका गोष्टीवर दोघांचा संसार उभा होता, असं ती धरून चालली होती.

पोरगा थिएटरमधल्या खेळाचं आमंत्रण देऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी तिची भाची धावत आली. "मावशी, काकांना पाठवू नकोस. तिथे लोक हसायला जातात. सिनेमा इतका वाईट, की मजा येते, म्हणून कल्ट." तिने फोनवर मागच्या खेळाचा व्हिडिओ दाखवला. अंधारात सगळं थिएटर ओरडत होतं, "झोप रे मढ्या, झोप!"

तिला कळून चुकलं: या वयात भर सभेत माणूस तोंडघशी पडणार, आणि पुन्हा उठणार नाही. रात्री जेवणानंतर तिने विषय काढला. "अहो, नाही गेलं तर नाही का चालणार? म्हणे, लोक जरा हसतात तिथे."

"जळतेस का?" ते कोटाची बटणं तपासत म्हणाले. "आता कुठे दिवस आलेत, तर अपशकुन करू नकोस."

तीही त्यांच्याबरोबर गेली. आधार द्यायला कुणीतरी हवं ना!

थिएटर खच्चून भरलं होतं. पहिल्या खुनापासून हशा. मध्येच नायिका अंधारात जिना चढते, तिथे मात्र सगळे गप्प झाले. तो जिना तिने आठवडाभर पुन्हा पुन्हा कापून जुळवला होता. बाई गं, जमलंय की हे, असं तिला वाटलं आणि डोळे भरून आले. तेवढ्यात कुणीतरी शिट्टी मारली. मग मढं आलं, पापणी लवली, आणि छप्पर उडेल असा गोंगाट झाला. त्यात सावली भिंतीवरून सरकत निघून गेली. कुणीही तिकडे बघितलं नाही. तिने नवऱ्याचा हात धरला, तो थंडगार पडला होता.

त्यांना मंचावर बोलावलं. ती खुर्चीच्या कडेवर आली. रडले तर जाऊन घेऊन यायचं, आणि या पोरांना चार शब्द सुनावायचे.

त्यांनी माईक धरला, हसणाऱ्या तोंडांवरून नजर फिरवली. मग हसले. "शेवटी तुम्हाला विनोद कळला!" ते म्हणाले. "त्या काळच्या लोकांना कुठला कळायला! ती बघा, माझी बायको, संकलक. तो शॉट कापायला निघाली होती. मी म्हटलं, वेडे, हाच तर खरा जोक आहे!"

थिएटर उभं राहिलं. टाळ्या थांबेनात. सगळ्या माना तिच्याकडे वळल्या, हसणाऱ्या. तिला लाज नाही वाटली, चीड आली. असली चीड तिला सिनेमा पडला तेव्हाही आली नव्हती.

शेजारच्या मुलीने विचारलं, "काकू, खरंच विनोदी काढला होता?"

"नाही गं. भीती वाटावी म्हणून काढला होता. नाही जमलं आम्हाला."

"मग याला कल्ट क्लासिक म्हणायचं की नाही?"

"काय म्हणायचं ते म्हणा. पण त्यात एक जिना आहे, तो एकदा गप्प बसून बघा."

परतताना टॅक्सीत डायरेक्टर गुणगुणत होते. त्यांना गुणगुणताना तिने कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. "पुढच्या महिन्यात पुन्हा बोलावलंय," ते म्हणाले. "तुलाही मंचावर घेणार आहेत. तू कापायला निघाली होतीस, मी कापू दिलं नाही, एवढंच सांग. खरंच आहे ते. फक्त जरा हसून सांग."

"हसता आलं असतं," ती म्हणाली, "तर इतकी वर्षं तुमच्याबरोबर रडले कशाला असते?"