दोन डाव्या बाह्या

कापायला मास्टर आणि हातशिलाईला त्यांची बायको, असं ते शिवणकामाचं दुकान चौतीस वर्षं चाललं होतं. मास्टरांच्या कात्रीला बाजारात नाव होतं आणि त्या नावाची त्यांना जरा जास्तच घमेंड होती. कुठं काही बिघडलंच, तर खापर फोडायला घरचं माणूस शेजारीच बसलेलं असे.

त्या शनिवारी ग्रंथपालबाई नवा कोट घालून बघायला आल्या आणि त्यांचा उजवा हात बाहीत अवघडला. कापड एकेरी पसरून कापलं, की दुसरी बाही उलटी आखायची असते. मास्टर विसरले होते. दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या झाल्या. आदल्या दिवशी कच्चे टाके घालताना बायको म्हणालीही होती, "अहो, ही बाही उलटी वाटतेय." "तू मला शिकवू नकोस," म्हणून त्यांनी तिला गप्प केलं होतं.

आता बाईंसमोर ते म्हणाले, "हिला हजारदा सांगितलं, लक्ष देऊन काम कर."

"माफ करा हं बाई," बायको नेहमीसारखी म्हणाली.

सोमवारी मात्र ती दुकानात आलीच नाही. "यापुढं मी येणार नाही," एवढंच बोलली. ना आदळआपट, ना रडणं. रागावली असती तर मास्टरांना समजूत घालता आली असती. शुक्रवारपर्यंत त्यांना स्वतःचीच लाज वाटायला लागली. ते वाचनालयात गेले.

"बाई, बाह्या मी कापल्या होत्या. चूक माझी."

"ठाऊक आहे, मास्टर," बाई शांतपणे म्हणाल्या. "कापता तुम्हीच ना? सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. वहिनींना आणखी ओशाळं वाटू नये, म्हणून आम्ही गप्प बसतो."

मास्टरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मान खाली घालून ते घरी आले. बायको भाजी निवडत होती.

"बाईंना सांगून आलो, चूक माझीच होती म्हणून."

"त्यांना कशाला? त्यांना कोट दुसरा शिवून मिळेल. बोलणी मी खाल्ली." तिनं वर बघितलं. "मला सांगा."

मास्टर दारातच उभे राहिले. सांगायचं ठरवूनच आले होते. त्यांनी तोंड उघडलं आणि चौतीस वर्षांच्या सवयीनं बोलून गेले, "अगं, पण तूही जरा जोर देऊन सांगायचंस ना."

बायको पुन्हा भाजी निवडायला लागली.