डेपोमामांची सीतेची वेणी

डेपोमामा कुणाच्याही घरात शिरले की आधी खिडकीशी जाऊन हात पुढे करत. पंजा उघडून त्याची भिंतीवरची सावली बघत राहत, आणि घरची बाई पाण्याचा तांब्या घेऊन ताटकळत असे. सापगावात लोक म्हणत, मामा भिंतीला हात दाखवून भविष्य विचारतात. त्या चेष्टेत मीही होते, याचं आता वाईट वाटतं.

पंचावन्न सालच्या आसपास मी सापगावच्या शाळेत शिकवत होते आणि मामा आटगावजवळ लाकडाच्या डेपोवर राखणदार होते. जंगलातून गाड्या भरून ओंडके येत आणि त्यांच्या सालीला चिकटून सीतेच्या वेण्या येत. मातीवाचून जगणारं हे झाड ज्येष्ठात पांढऱ्या-जांभळ्या फुलांचा लांब घोस सोडतं. मजूर त्याला बांडगूळ समजून सोलून फेकत. मामा उखडत. "बांडगूळ झाडाचं खातं. ही कुनाचं काय खाते रे? निस्ती बसाया जागा मागते!" मग ते एकेक रोप उचलून, आंब्याच्या ढलपीला काथ्यानं बांधून कुणाच्या तरी घरी पोचवत.

जागा ठरवायची ती सावली बघूनच. "सावली काळीभोर पडली तं पान करपल. पडलीच नाय तं फूल नाय. पुसट पडल तिथं खिळा ठोका, बाई." खिळ्यासाठी ते घरमालकाची परवानगी वगैरे विचारत नसत.

त्यांच्या स्वतःच्या खोलीत एकच वेणी होती, वारलेल्या बायकोनं माहेरच्या रानातून आणलेली. तिचं फूल ते कुणाला तोडू देत नसत. पुढे त्यांना काचबिंदू झाला. नजर हळूहळू जाणार, असं डॉक्टरांनी सांगितलं. नोकरी सुटली आणि धसईला लेकीकडे जायची वेळ आली. लेकीचं घर काळोखी, त्यात चुलीचा धूर. म्हणून ती वेणी त्यांनी माझ्या पूर्वेच्या खिडकीत स्वतः टांगली. "फुलली का सांगावा धाडा. दिसतंय तवर एकदा बगून जाईन."

महिन्याभरात आमच्याकडे नवा रेडिओ आला. त्याच्या शेजारी शोभेल म्हणून मी वेणी आतल्या कोपऱ्यात हलवली. पानं लांब, काळीभोर हिरवी झाली. मी भातशेतीच्या घरातली. काळ्या हिरव्या पानाचा अर्थ आमच्याकडे एकच, पीक जोरात आहे. मी येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं दाखवत होते.

ज्येष्ठ आला, फूल आलं नाही. धसईच्या बाजाराहून परतणाऱ्या माणसाबरोबर मामांनी विचारून पाठवलं, "फुलली का?" मला लाज वाटली. म्हाताऱ्याला वाईट नको वाटायला, अशी स्वतःची समजूत घालून मी परत निरोप धाडला, की फुलली, पण तुम्ही येईपर्यंत टिकायची नाही, पुढच्या वर्षी या.

दिवाळीनंतर ते नातवाचा हात धरून आले. खिडकीत हात पुढे केला, पण सावली त्यांना दिसत नव्हती. मग वेणी कुठे आहे ते विचारून त्यांनी पान चाचपलं. पान मऊ होतं, लोंबत होतं.

"हिला उजेड नाय, बाई. ही फुलली नाय."

मी कबूल केलं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"नाय फुलली म्हनून सांगितलं असतं, तं मी तवाच आलो असतो. जागा बदलली असती. तवा मला दिसत व्हतं."

मी त्यांच्यासमोरच वेणी पुन्हा खिडकीत टांगली. पुढच्या ज्येष्ठात तिला हातभर लांब घोस आला. मी ती ढलपीसकट मांडीवर घेऊन मुरबाडमार्गे एसटीनं धसई गाठली. मामा ओटीवर बसले होते. त्यांनी घोस वरून खाली बोटांनी हळूच चाचपला.

"रंग कसा हाय?"

"पांढरा, मामा. त्यावर जांभळे ठिपके. टोकाशी गडद."

त्यांनी घोसाच्या टोकाशी पुन्हा बोट नेलं. मग माझ्याकडे तोंड वळवून, अगदी मऊ आवाजात त्यांनी विचारलं,

"खरं ना, बाई?"