साडूंचा अजगर अजून यायचाय

जी वस्तू अजून घरात आलेलीच नाही तिच्यासोबत महिनोन्महिने संसार करणारा माणूस अख्ख्या परभणी जिल्ह्यात एकच आहे, आणि तो नेमका माझा साडू निघाला. फ्रिज घ्यायचं ठरलं तेव्हा त्यांनी स्वयंपाकघराच्या फरशीवर खडूने फ्रिजचा चौकोन आखला आणि महिनाभर घरातल्या सगळ्यांना त्याला वळसा घालून चालायला लावलं. मुलीला पहिलीत घातलं, तर शाळा सुरू व्हायच्या आठ दिवस आधी हे तिचं दप्तर पाठीला अडकवून, तिच्याएवढी बारकी पावलं टाकत, घड्याळ लावून शाळेपर्यंत जाऊन आले. बघणाऱ्यांना वाटलं, माणूस कामातून गेला. एका सरकारी कचेरीत आवक-जावक टेबलावर चौतीस वर्षं काढलेला हा गृहस्थ. नोंद झाल्याशिवाय कुठलीच गोष्ट आत येत नसते, अशी त्यांची श्रद्धा आहे.

तर मागच्या वर्षी निवृत्त झाल्यावर साडूंनी जाहीर केलं की आपण बॉल पायथन पाळणार. हा आफ्रिकेतला, अजगराच्या कुळातला, बिनविषारी आणि बेताच्या लांबीचा साप. पुण्याला मुलीकडे गेले असताना तिच्या शेजाऱ्यांकडे त्यांनी तो पाहिला होता. एरवी सापाचं नुसतं नाव काढलं तरी पाय खुर्चीवर घेणारा हा माणूस त्याच्यासमोर तासभर बसून होता म्हणे. मी कारण विचारलं.

"घाबरला की चावायला धावत न्हाई तो," साडू म्हणाले. "डोकं मधी घालून गोळा होऊन बसतो. आमी ऑफिसात दुसरं काय केलं?"

मी मान डोलावली. सोनपेठकडे शेती करणाऱ्या त्यांच्या थोरल्या भावाने मात्र फोनवर सांगून टाकलं की साप पाहिजे असेल तर ऊसतोडीला ये, लागतील तेवढे घेऊन जा. साडूंनी त्याला अर्धा तास कायदा समजावला. आपल्या मुलखातले साप पाळायला बंदी आहे, हा परदेशी पाळता येतो, पण विकणाऱ्याकडून कागद घ्यावे लागतात आणि सरकारदरबारी त्याची नोंद करावी लागते. नोंद हा शब्द आला की त्यांचा चेहरा असा काही खुलायचा, की साप हे निमित्त असावं अशी मला शंका यायची.

मग काचेची पेटी आली. आत लपायला दोन उपडी मडकी, पाण्याची कुंडी, भिंतीला थर्मामीटर. पेटी रिकामी, पण वहीत सकाळ-संध्याकाळ तिचं तापमान लिहिलं जाऊ लागलं. हा साप उंदीर खातो, तेही गोठवलेले मागवता येतात, हे कळल्यावर घरच्यांना सवय व्हावी म्हणून त्यांनी फ्रीजरमध्ये 'उंदीर' अशी चिठ्ठी लावलेला एक डबा ठेवला. डब्यात मटार होते. त्या महिन्यात त्यांच्याकडे आलेल्या एकाही पाहुण्याने पुलाव खाल्ला नाही, त्यात मीही आलो.

पण खरी फजिती उन्हाळ्याने केली. साडूंनी बघितलेले सगळे व्हिडिओ थंड देशांतले, त्यामुळे साप गारठू नये म्हणून त्यांनी पेटीखाली घालायची गरम होणारी गादी मागवली. जन्म परभणीत गेला, पण ऊन नावाचा प्रकार ते साफ विसरले. एप्रिलात गादीचं बटण बंद असतानाच पेटीने चाळिशी ओलांडली. साडू हबकले. तो आला असता तर आपण त्याला शिजवून मारला असता, असं ते मला दोनदा म्हणाले आणि खरंच त्यांचे डोळे भरून आले होते. शेवटी पेटी कूलरच्या खोलीत गेली, जिथे अक्का दुपारी पडायची. अक्का म्हणजे त्यांची बायको, माझ्या बायकोची थोरली बहीण. पहिले आठ दिवस तिने पेटीवर जुनं लुगडं टाकून ठेवलं. मे महिन्यात मात्र तिने साडूंना बाजारात फोन करून कळवलं, की पेटी पस्तिशीवर गेली आहे आणि मी कूलरमध्ये पाणी टाकते आहे.

सगळं जमत आलं आणि साडूंना कुठेतरी वाचायला मिळालं की हा साप पंचवीस-तीस वर्षं जगतो. झालं. हे एकोणसाठचे. आपल्या मागे त्याचं कोण करणार, हे ठरल्याशिवाय त्याला आणायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. स्वतःच एक कागद आखला, त्यात 'माझ्या पश्चात' असा रकाना. मुलीने फोनवर हात जोडले. भाऊ म्हणाला, आमच्यात कोंबड्या आहेत. मग माझ्याकडे आले. मी विचार करतो म्हणालो आणि तीन आठवडे त्यांच्या गल्लीत पाऊल ठेवलं नाही. आता लाज वाटते त्याची.

शेवटी नाही म्हणायलाच मी एका संध्याकाळी गेलो. साडूंनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि मी बोलायच्या आधीच कागदाची घडी घातली. "जाऊ द्या साडूभाऊ," म्हणाले. "रिकामी पेटी बी वाईट दिसत न्हाई."

अक्का शेंगा फोडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "मला न्हाई इचारलं कुणी. तुमच्यापेक्षा नऊ वर्षांनी ल्हान हाय मी. तुमच्या मागं मी बघीन त्याचं."

"तुला भ्या वाटतंय की त्याचं."

"वाटतंय. तवर सवय हुईल."

मग साडूंनी घडी उलगडली, चष्मा लावला आणि त्या रकान्यात अक्काचं नाव लिहायला घेतलं. कचेरीच्या शिस्तीप्रमाणे संपूर्ण नाव. आधी तिचं लिहिलं. मधे त्यांचं स्वतःचं आलं, तिथे त्यांचा पेन थांबला. अक्काने फोडलेले चार दाणे त्यांच्यापुढे सरकवले, तेव्हा कुठे त्यांनी ते सावकाश, अगदी वळणदार अक्षरात लिहून पूर्ण केलं.